अंगणातली भांडणं : निंब कोणाचा, पाला कोणाचा?

आखाजी (अक्षय्य तृतीया) उरकली की माझ्या टपालात झाडांची भांडणं यायला लागतात. चैत्र-वैशाखात आपल्या खान्देशात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा शेजाऱ्याच्या निंबाखाली मोटारसायकल लावायला सगळे पुढे असतात. मिरग तोंडावर आला, वावधान सुटलं, फांदी पत्र्यावर घासायला लागली, की त्याच निंबाची तक्रार सुरू. या खेपेला सतरा पत्रं आली. त्यांतली नऊ निवडली आहेत.

नवीन वाचकांसाठी सांगतो, मी वकील नाही. एकोणतीस वर्षं तालुक्याच्या गावी नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. वकिलाकडे जाण्याआधी काय करून पाहावं, एवढं मला सांगता येतं. बहुतेक वेळा तेवढ्यात भागतं.

आबा, नमस्कार. आमच्या अंगणात सासूबाईंनी लावलेला निंब आहे, पस्तीस वर्षांचा तरी असेल. शेजारचे भाऊ म्हणतात, त्याच्या मुळ्यांनी आमच्या कंपाउंडला भेग पडली आणि पाला आमच्या ओट्यावर पडतो. आठ दिवसांत तोडा, नाहीतर आम्ही तोडू. माझे मिस्टर बाहेरगावी नोकरीला आहेत. निंब तोडावाच लागेल का?
— एक भगिनी, भुसावळ

ताई, घाबरू नका. उद्या तुमच्याच मनात आलं तरी तो निंब तुम्हाला आठ दिवसांत तोडता येणार नाही. नगरपालिका आणि महापालिकांच्या हद्दीत १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा आणि जतनाचा कायदा लागू आहे. झाड स्वतःच्या अंगणातलं असलं, स्वतः पाणी घालून वाढवलेलं असलं, तरी वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा लागतो. मग झाडाची पाहणी होते, झाडावर नोटीस चिकटवतात, वर्तमानपत्रात जाहिरात येते, लोकांच्या हरकती मागवतात आणि त्यानंतर निर्णय होतो. परवानगी मिळाली तरी कुऱ्हाड लगेच चालवता येत नाही. झाड वाळलेलं, रोगट किंवा अंगावर पडण्याच्या बेतात असेल तर गोष्ट वेगळी. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचा निंब धडधाकट दिसतो.

शेजारच्या भाऊंना दोन गोष्टी सांगा, आवाज न चढवता. एक, या कायद्यात झाड तोडणं म्हणजे फक्त बुंध्यावर घाव घालणं नव्हे. जाळणं, कापणं, कोणत्याही तऱ्हेनं इजा करणं, हे सगळं त्यात आलं. म्हणजे रात्री बुंध्याला ॲसिड ओतलं, गोल साल सोलून काढली, मुळाशी मीठ घातलं, तरी तो गुन्हाच. मी नोकरीत हे तिन्ही प्रकार पाहिलेत, आणि करणारा माणूस दर वेळी म्हणायचा, ‘आपोआप वाळलं हो.’ दंडाबरोबर एक आठवड्यापासून एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. दुसरी गोष्ट, २०२१ च्या दुरुस्तीनंतर परवानगीनं झाड तोडलं तरी झाडाच्या वयाइतकी नवीन झाडं लावावी लागतात. पस्तीस वर्षांचा निंब म्हणजे पस्तीस रोपं, तीही सहा ते आठ फूट उंचीची, आणि सात वर्षं सांभाळायची. ती कुठे लावणार, ते भाऊंना विचारून पाहा. (पन्नास वर्षं पुरी झालेल्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळतो आणि नियम आणखी कडक होतात. सासूबाईंनी निंब कोणत्या साली लावला ते कुठेतरी लिहून ठेवा. पुढे उपयोगी पडेल.)

आता भेगेचं. भुसावळ काय, जळगाव काय, आपली बरीचशी घरं काळ्या मातीवर उभी आहेत. ही माती उन्हाळ्यात आकसते. शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या तुम्ही पाहिल्या असतील. पावसाळ्यात तीच माती फुगते. दीड-दोन फूट पायाची कंपाउंडची भिंत त्या मातीबरोबर खालीवर होणारच. मोठं झाड मातीतली ओल ओढून घेतं, त्यामुळे आकसण्यात त्याचाही थोडा हात असू शकतो. पण सगळं खापर निंबावर फोडण्याआधी एक साधी तपासणी करा. काचवाल्याकडून बोटभर रुंदीची, वीतभर लांब काचेची पट्टी आणा. भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटनं चिकटवा आणि भिंतीवरच तारीख लिहा. दर महिन्याला बघा आणि भेगेची रुंदी पट्टीनं मोजून ठेवा. पावसाळ्यात भेग मिटायला लागली आणि पुढच्या उन्हाळ्यात परत उघडून काच तडकली, तर दोष काळ्या मातीचा. ऋतू कोणताही असो, भेग एकाच बाजूला वाढत गेली आणि भिंत झाडापासून लांब कलायला लागली, तर मात्र मुळाची शंका रास्त. तेव्हा चांगल्या इंजिनिअरला दाखवून ते एक मूळ बाजूला घेता येतं. त्यासाठी झाड मारावं लागत नाही.

फांद्यांचं म्हणाल तर शेजाऱ्याच्या हद्दीत गेलेली फांदी त्यांनी आयुष्यभर सोसावी असं नाही. फांदी हद्दीपर्यंत छाटून मागणं हा त्यांचा हक्क आहे. फक्त शहरात छाटणीचाही अर्ज द्यावा लागतो. तो तुम्हीच द्या, म्हणजे कुठली फांदी आणि किती, हे तुमच्या हातात राहील. छाटताना माणसाला आधी फांदीच्या खालच्या अंगानं थोडा काप घ्यायला सांगा, मग वरून. नाहीतर फांदी पडताना बुंध्याची साल ओरबाडून नेते आणि पावसाळ्यात तिथून किडतं.

एक जुनी आठवण सांगतो. असंच भांडण माझ्या टेबलावर आलं होतं. तक्रारदार रोज येऊन पाल्याचं रडगाणं गायचा. मी त्याला म्हटलं, भूमि अभिलेखाच्या कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज द्या, आधी हद्द तरी कळू द्या. मोजणी झाली, ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा) हातात आली आणि निघालं काय, तर मधलं कंपाउंडच अडीच फूट सरकलेलं होतं. निंब तक्रारदाराच्याच प्लॉटमध्ये उभा. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात येऊन खणखणीत म्हणाला, ‘झाड मनं शे, सावलीबी मनी शे!’ (मनं शे म्हणजे माझं आहे.) पाल्याची तक्रार त्या दिवसापासून बंद.

म्हणून ताई, पाल्याला कायद्यात औषध नाही. सकाळी तुमचा ओटा झाडता तेव्हा दोन हात त्यांच्या ओट्यावरही फिरवा. निंबाचा पाला सगळा एकदम झडतो तो फाल्गुनात, पंधरा-वीस दिवसांचा प्रश्न आहे. आणि उन्हाळी पापड-कुरडया कराल तेव्हा एक ताट तिकडे जाऊ द्या. हे ओव्हरसियर म्हणून सांगत नाही.

आबा, आम्ही कंपाउंडच्या बाहेर रस्त्याच्या कडेला चार फुटांची बाग केली आहे. तारेचं कुंपण, तगर, जास्वंद, थोडं लॉन. रस्त्याची शोभाच वाढते. तरी अतिक्रमणाची नोटीस आली. झाडं लावणं हा गुन्हा आहे का?
— एक वाचक, धुळे

दादा, हा प्रश्न वाचून मी एकटाच हसलो. निवृत्तीनंतर मीही हेच केलं होतं. बोगनवेल, दोन जास्वंदी आणि कोपऱ्यात बसायला सिमेंटचा बाक. अख्ख्या नोकरीत लोकांना ज्या कागदावर सही करायला लावली, तोच कागद घेऊन पालिकेचा शिपाई माझ्या दारात आला. पूर्वी माझ्याच हाताखाली होता. मान खाली घालून म्हणाला, ‘साहेब, इथं सही.’ सही केली. बाक काढताना कंबर धरली ती चार दिवस.

झाड लावणं गुन्हा नाही, तार ओढणं गुन्हा आहे. रस्ता म्हणजे फक्त डांबराची पट्टी नाही. मंजूर लेआउटमध्ये रस्ता नऊ मीटरचा असेल, तर दोन्ही बाजूंच्या प्लॉटच्या हद्दीपर्यंतचे नऊच्या नऊ मीटर सार्वजनिक. त्यात गटार येतं, पाण्याची लाईन येते, विजेचा खांब येतो. तुम्ही चार फूट आत घेतले, समोरच्यानं चार घेतले, की गल्लीत रुग्णवाहिका वळत नाही. रस्त्यावरचं असं बांधकाम नोटीस न देताही काढायचा अधिकार महापालिकेला आहे. तुम्हाला नोटीस आली, म्हणजे कोणीतरी सौजन्य दाखवलं असं समजा.

तार आणि लॉन काढा. झाडं मोठी असतील तर ती ठेवू द्या असं लेखी मागा. रस्त्याकडेच्या झाडांना सहसा कोणी हात लावत नाही, कारण ती काढायलाही १९७५ चाच कायदा आडवा येतो. जाता जाता तुमचं गेटही बघून घ्या. गेट पूर्णपणे आत उघडलं पाहिजे, रस्त्यावर नाही. गाडीसाठी गटारावर सिमेंटचा उतार केला असेल तर तोही त्याच रांगेतला. तिथे काढता-घालता येणारी लोखंडी जाळी टाका, गटार साफ करणारा दुवा देईल.

बागेचा पाला रोज संध्याकाळी जाळतो. आमचे वडीलही जाळायचे. धुरानं डास जातात. शेजारच्या डॉक्टरांनी तक्रार करायची धमकी दिली आहे.
— एक ज्येष्ठ नागरिक, चोपडा

डॉक्टर बरोबर आहेत, काका. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली. साधा ढीग जाळला तर ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,००० रुपये भरपाई ठरवली. घनकचऱ्याच्या नियमांतही बागेचा कचरा वेगळा, आपल्याच आवारात ठेवा असं सांगितलेलं आहे. धुरानं डास जातात म्हणावं, तर तुमचा कूलर बघा. उन्हाळा संपल्यावर त्याच्या टाकीत उरलेलं पाणी आणि कुंड्यांखालच्या बशा, डेंग्यूचा डास तिथेच पैदा होतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळं पाणी ओतून भांडी कोरडी करायची, पालथी घालायची. धुरापेक्षा हे बरं.

पाल्यासाठी परसात तीन फूट लांब, तीन रुंद, दोन खोल खड्डा करा. पाल्याचा थर, वर पसाभर माती, वर शेणकाला, पुन्हा पाला. ओल टिकली पाहिजे, नाहीतर आपल्या उन्हात पाला नुसता वाळतो, कुजत नाही. वर जुनं गोणपाट टाका. मिरगाच्या पावसाआधी खड्डा भरलात तर दसरा-दिवाळीपर्यंत खत तयार.

कॉर्नरचा प्लॉट आहे. चोरांच्या भीतीनं सात फूट कंपाउंड बांधायचं आहे आणि वर मेंदीचं कुंपण. मिस्तरी म्हणतो, बांधून टाकू, कोण बघतं.
— एक वाचक, शहादा

मिस्तरी पैसे घेऊन जाईल, भिंत तुमच्याकडे राहील.

डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही भाग सोडून राज्यभर एकच एकत्रित बांधकाम नियमावली लागू झाली. तिच्याप्रमाणे कंपाउंडची उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यापासून मोजायची, तुमच्या अंगणापासून नाही. अंगण भर घालून उंच केलं असेल तर हिशोब चुकतो. भिंत दीड मीटर, म्हणजे पाच फुटांच्या आत. २.४ मीटरपर्यंत जाता येतं, पण मग वरचा ०.९ मीटर भाग जाळीचा, आरपार दिसणारा हवा. तुमचा प्लॉट कोपऱ्याचा असल्यानं जिथे दोन रस्ते मिळतात तिथून दोन्ही बाजूंना दहा मीटरपर्यंत भरीव भिंत फक्त ०.७५ मीटर, म्हणजे अडीच फूट. वर हवं तर रेलिंग.

कारण उघड आहे. वळणावर समोरून येणारी सायकल दिसली पाहिजे. मेंदीबद्दल नियमावलीत मला काही सापडलेलं नाही, पण भिंतीमुळे जे दिसत नाही ते मेंदीमुळेही दिसणार नाही. कोपऱ्यावर ती कमरेच्या खालीच ठेवा. चोरांचं म्हणाल तर चोराला उंच भिंत आवडते. आत उतरला की बाहेरून कोणाला दिसत नाही.

शेजारचा प्लॉट दहा वर्षं बखळ पडलाय. मालक पुण्याला. वेडी बाभूळ, गाजरगवत, आणि मागच्या पावसाळ्यात दोनदा साप घरात आला. काय करावं?
— एक गृहिणी, जळगाव

ताई, तुमच्यासारखी चार पत्रं आहेत. शेतजमीन एन.ए. (बिगरशेती) करून प्लॉट पाडायचे, विकायचे आणि घेणाऱ्यानं भाव वाढायची वाट बघत विसरून जायचं, ही आपल्याकडच्या नव्या कॉलन्यांची जुनी तऱ्हा आहे.

प्लॉट स्वच्छ ठेवणं मालकाचं काम आहे आणि तसं करायची नोटीस देण्याचा अधिकार महापालिकेला आहे. पण नोटीस जायला मालकाचा पत्ता लागतो, आणि गाडी नेमकी तिथेच अडते. तुम्ही स्वतः तो पत्ता काढून द्या. नगर भूमापन झालेलं असेल तर मालमत्ता पत्रक, नसेल तर गट नंबर टाकून सातबारा, दोन्ही ऑनलाइन निघतात. नाव कळलं की घरपट्टी विभागात पत्ता मिळतो, कारण मोकळ्या जागेवरही कर लागतो. अर्जाला दोन फोटो जोडा, त्यावर तारीख असू द्या. एकट्या सही करू नका, गल्लीतल्या दहा घरांच्या घ्या. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसायचो, त्यामुळे सांगतो. पोच दिलेला कागद हरवत नाही.

स्वतः आत शिरून बाभूळ तोडू नका. जागा दुसऱ्याची आणि वेडी बाभूळ असली तरी झाड ते झाडच. साप निघाला तर मारू नका, सर्पमित्राला फोन करा. सापाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

घराला गारवा मिळावा म्हणून कंपाउंडला लागून कोनोकार्पसची पंचवीस झाडं लावली. आता गुजरातमधला साडू म्हणतो, काढून टाक, आमच्याकडे बंदी आहे. आम्ही महाराष्ट्रात राहतो, आम्हाला लागू आहे का?
— एक वाचक, नवापूर

तुमच्या नवापूरच्या स्टेशनवर बाकाचं एक टोक महाराष्ट्रात आणि दुसरं गुजरातेत, त्यामुळे हा प्रश्न तुम्हालाच पडायला हवा होता. साडूभाऊ खरं सांगतात. सप्टेंबर २०२३ मध्ये गुजरातच्या वन विभागानं कोनोकार्पस लावायला मनाई केली. त्यांचा आदेश त्यांच्या हद्दीपुरता आहे. त्यामागचं कारण मात्र हद्द बघत नाही. हिवाळ्यात या झाडाला फुलोरा येतो, त्याचे परागकण हवेत पसरतात आणि सर्दी, खोकला, दमा, ॲलर्जी वाढते असं गुजरातच्या आदेशात म्हटलं आहे. मुळं खोल जातात आणि गटारं, केबल, पाण्याच्या लायनी फोडतात.

नर्सरीवाले हे झाड विकतात कारण ते मरत नाही आणि वर्षभर हिरवं राहतं. पण पंचवीस झाडं कंपाउंडला चिकटून म्हणजे पाच वर्षांनी तुम्ही मला भिंतीबद्दल लिहिणार. काढायचीच असतील तर शहरात आहात, अर्ज करा. रोपं अजून लहान आहेत तोवरच करा. त्यांच्या जागी मेंदी, अडुळसा, करवंद, नाहीतर साधी तगर लावा. भिंतीपासून दहा-बारा फूट जागा असेल तर एखादं करंज. आपल्या उन्हाला टिकतं आणि सावली गच्च.

खेड्यात राहतो, नगरपालिका नाही. परसदारी आजोबांच्या काळची चिंच आहे, घर वाढवायचं आहे. ग्रामपंचायतीत विचारलं तर सरपंच म्हणाले, तुमचं झाड आहे, तोडा की.
— एक शेतकरी, यावल तालुका

भाऊ, थांबा. १९७५ चा कायदा तुम्हाला लागू नाही हे खरं. पण खेड्यात १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे. त्यात सोळा जातींची यादी आहे : हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिबळा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि कांदळवन. आपल्याकडे यातले किंजळ-कांदळवन नाहीत, पण चिंच, आंबा, जांभूळ दारोदारी आहेत आणि सातपुड्याच्या पायथ्याला अंजन-साग. यादीतलं झाड स्वतःच्या जागेत असलं तरी परवानगी लागते. निंब, बाभूळ त्या यादीत नाहीत.

सरपंचांचं तोंडी ‘हो’ इथे कामाचं नाही. आधी तहसील कार्यालयात विचारा की तुमच्या गावाचा वृक्ष अधिकारी कोण. अर्जासोबत जागेचा उतारा जोडा. घर गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ, शेतात असेल तर सातबारा. तोडल्यावर लाकूड ट्रॅक्टरमध्ये भरून वखारीला नेणार असाल तर वाहतुकीच्या परवान्याचंही त्याच वेळी विचारून घ्या. पुष्कळ लोक झाडाची परवानगी घेतात आणि नाक्यावर लाकडासकट अडकतात.

एक विचारू? नकाशा करताना घर चार हात इकडे सरकवून चिंच वाचत असेल तर बघा. यावल-रावेरकडे बोअर किती खोल गेलेत ते मी तुम्हाला सांगायला नको. आजोबांची चिंच इतकी वर्षं कोणी पाणी न घालता उभी आहे.

गच्चीवर सोलर बसवलं. शेजाऱ्याच्या अशोकाची सावली दुपारी तीननंतर पॅनेलवर पडते. त्याला झाड कापायला लावता येईल का?
— एक वाचक, पाचोरा

सहसा नाही. उजेडाचा हक्क मिळतो तो १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानं, आणि तोही इमारतीला वीस वर्षं विनाअडथळा उजेड मिळत असेल तर. तुमचं पॅनेल परवाचं, अशोक त्याच्या आधीचा. पॅनेलची दिशा बदलता येते का ते बसवणाऱ्याला विचारा. शेंड्याच्या छाटणीला शेजारी राजी असेल तर अर्ज त्याच्या सहीनं जाऊ द्या, मजुरी तुम्ही द्या. झाडाजवळून तार गेली असेल तर हात लावू नका. आधी महावितरणला कळवा, लाईन बंद करून मिळते.

आमच्या निंबाच्या आडव्या फांदीला गल्लीतल्या मुली दर आखाजीला झोका बांधतात. यंदा फांदी करकरली. कोणी पडलं तर जबाबदारी कोणाची? बांधू देऊ नये का?
— एक आजी, अमळनेर

आजी, फांदी धोक्याची आहे हे माहीत असून बांधू दिली तर बोट तुमच्याकडे दाखवलं जाणार. म्हणून पुढच्या आखाजीची वाट न बघता आत्ताच फांदी तपासून घ्या. झाडावर चढणारा जाणता माणूस बोलवा. फांदी बुंध्याला मिळते त्या काखेत चीर आहे का, हातोडीनं ठोकल्यावर पोकळ वाजते का, साल सुटून खालून भुसा पडतो का, हे त्याला बघू द्या. यातलं एक जरी असलं तर ती फांदी रीतसर अर्ज करून उतरवा आणि झोका दुसऱ्या फांदीला न्या. नवी फांदी निदान मांडीएवढी जाड हवी. दोर बुंध्याला जितका जवळ बांधाल तितका भार कमी. दोराखाली फांदीला गोणपाटाची घडी गुंडाळा, नाहीतर दर वर्षी एकाच जागी घासून साल जाते आणि पाच-सहा वर्षांनी फांदी तिथूनच मोडते. कदाचित तुमच्याकडे तेच झालंय. खाली फरशी किंवा पेव्हर ब्लॉक असतील तर झोक्यापुरते काढून वाळू टाका. निंबाच्या बुंध्याभोवती हातभर माती तशीही मोकळी हवी, पाणी मुरायला.

आणि नायलॉनचा दोर नको. हाताला कापतो आणि गाठ सुटते. बाजारात काथ्याचा जाड दोर मिळतो तो आणा.